पाचवी सही

भास्कर,

तू गेलास त्याच दुपारी तुझी कोचीनची फ्लाइट मला मिळाली. तुझा धाकटा भाऊ खांद्यावर मडकं घेऊन फेऱ्या घालत होता, गुरुजी घाईघाईनं काहीतरी म्हणत होते, आणि माझ्या पर्समध्ये फोन थरथरला. मला वाटलं, मुंबईहून निघालेलं कोणीतरी स्मशानाचा रस्ता विचारतंय. बाजूला होऊन पाहिलं, तर 'आपली विनंती मान्य झाली आहे' असं लिहिलेलं आणि शेजारी हिरवी खूण. गुरुवारी सकाळी मुंबईहून कोचीन आणि परत. कॅप्टनच्या रकान्यात आदल्या दिवसापर्यंत तुझं नाव होतं, तिथं आता माझं होतं.

मी कसलीच विनंती केली नव्हती, असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण केली होती. काही वर्षांपूर्वी ड्यूट्या लावणाऱ्या रोस्टरच्या ॲपमध्ये कायमची मागणी नोंदवायची सोय झाली, ती तूच मला गाडीत बसून दाखवली होतीस. कोणी आजारी पडलं, कोणाची फ्लाइट रिकामी झाली, की मागणाऱ्यांपैकी सिनिऑरिटीत ज्याचा नंबर सर्वांत वर, त्याला ती आपोआप जाते. मी खूण केली आणि विसरून गेले. आपल्यातले सगळेच विसरतात, कारण जादा तास कोणालाच नको नसतात. त्या यंत्राला एवढंच कळलं की तू येणार नाहीस. का येणार नाहीस, याचा रकाना त्यात नाही.

यंत्राच्या नावानं खडे फोडून मी मोकळी होणार नाही. त्याला निदान तोंड नव्हतं. माणसांना होतं. सकाळी दहाच्या सुमारास वैमानिकांच्या ग्रुपवर तुझी बातमी आली. तासाभरात हात जोडलेली चित्रं, मेणबत्त्या, 'विश्वास बसत नाही' वगैरे. आणि बारा वाजायच्या आत एकानं विचारलं, भास्करच्या रविवारच्या फ्लाइटचं काय झालं, कोणाला गेली का? त्याला कोणी झापलं नाही. उलट दुसऱ्यानं लिहिलं, ऑपरेशन्सला फोन करून बघ, अजून मोकळी असेल. तेव्हा मखमलाबादच्या तुझ्या घरात तुला आंघोळ घालत होते. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात, ते मी फोनच्या पडद्यावर पाहिलं आणि मला शिसारी आली. दोन तासांनी त्यातला एक गोळा माझ्याच ताटात पडला.

तू किती तास उडवलेस, कुठे शिकलास, मागे कोण कोण आहे, हे मी लिहिणार नाही. ते युनियनच्या पत्रकात आलं आहे, आणि त्यात तुझं वयसुद्धा चुकवलं आहे. मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धवट टाकून तू गेलास, आणि त्या भांडणाचा कागद माझ्यापुढे ठेवून गेलास. त्यावर सही करायची की नाही, एवढाच प्रश्न होता. या पंधरवड्यात माझं जे काही झालं, ते त्या एका सहीपायी झालं.

आपण दोघं एकाच दिवशी कंपनीत रुजू झालो. नाशिकचे दोघंच. एका दिवशी रुजू झालेल्यांत जो वयानं मोठा त्याचा नंबर वर, असा नियम, आणि तू माझ्याहून अकरा दिवसांनी मोठा. त्या अकरा दिवसांनी माझी जिंदगी नासवली, असं मी सगळ्यांना सांगत फिरायचे. दिवाळीची सुट्टी एकालाच मिळणार असली की तुला मिळायची. कमांडच्या, म्हणजे कॅप्टन व्हायच्या ट्रेनिंगची बारी तुझी आधी आली. आणि तू दर वेळी मिशा नसताना मिशांना पीळ दिल्यासारखं करून म्हणायचास, 'मोठ्या माणसाला मान द्यायचा असतो, मॅडम.' मी चिडायचे आणि मग हसायचे. त्या नंबरावर माझा राग कधी नव्हता. तो नंबर आहे म्हणूनच आपण टिकलो, असं मला तेव्हाही वाटायचं.

त्याचं कारण तुला ठाऊक होतं. माझे वडील, अण्णा, नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमध्ये होते. त्यांच्या वेळी सुरुवातीला बढतीची यादी म्हणजे साहेबाची मर्जी होती. ज्यानं साहेबाच्या घरी गॅसचं सिलिंडर पोचवलं तो वर, ज्यानं नाही पोचवलं तो खाली. अण्णांनी नाही पोचवलं. सहा वर्षं ते एकाच मशीनवर राहिले. मग कामगारांनी भांडून यादी बोर्डावर लावायला लावली, नंबरासकट. ज्या दिवशी ती लागली, त्या दिवशी अण्णांनी आम्हा सगळ्यांना ती दाखवायला गेटपर्यंत नेलं होतं. आत सोडलं नाही, पण त्यांना आम्हाला गेटपर्यंत न्यायचंच होतं. म्हणून कोणी सिनिऑरिटीच्या विरुद्ध बोललं की माझं डोकं फिरतं. नंबर आंधळा असतो हे मला मान्य आहे, पण साहेबापेक्षा बरा.

तू नंबराच्या विरुद्ध नव्हतास, हे मला समजायला फार वेळ लागला. नंबरावरून माणसाचा भाव ठरवायच्या विरुद्ध तू बोलत होतास.

नाशिकहून मुंबईला ड्यूटीला जाताना आपण जमेल तेव्हा एका गाडीतून जायचो. पाथर्डी फाट्यापासून भांडण सुरू व्हायचं आणि कसारा घाट उतरला तरी संपायचं नाही. आपल्या पगाराची गंमत बाहेरच्यांना कळत नाही. लोकांना वाटतं, कॅप्टन म्हणजे महिन्याला ठरलेली जाडजूड रक्कम. प्रत्यक्षात विमानाचं चाक हललं की घड्याळ सुरू, विमान जागेवर उभं राहिलं की बंद. दारं लावायच्या आधी धुक्यात तीन तास बसून राहिलो तर ते तीन तास फुकट. विमानतळावर यायचं, कागद बघायचे, विमानाभोवती फिरून तपासणी करायची, ते सगळं फुकट. म्हणून तर युनियननं हमीचे सत्तर तास मिळवले होते. महिन्यात कमी उडालात तरी सत्तर तासांचा पगार मिळणारच. टाळेबंदीत कंपनीनं ती हमीच काढून घेतली आणि आपण दोघं शून्य तासांचे कॅप्टन होऊन घरी बसलो.

ते दिवस मी विसरू शकत नाही, आणि तू ते माझ्यासाठी किती हलके केलेस तेही विसरू शकत नाही. देवळं बंद, लग्नं बंद, तुमच्या मळ्यातला झेंडू कोणी घेईना. तुझ्या भावानं उभ्या झेंडूवर नांगर फिरवला आणि फ्लॉवर-कोबी लावला. एक दिवस तू क्रेट भरून माझ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी लावलीस आणि मला खाली बोलावलंस. 'बस इथं. तोल. लाजू नको, तुझा चेहरा मास्कखाली हाय.' दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी माझ्याशी दोन रुपयांसाठी दहा मिनिटं घासाघीस केली आणि शेवटी मला ओळखलं. त्यांना कसंनुसं झालं, पण तू म्हणालास, 'काकू, भाव भाव असतो, ओळखीचा असू द्या नाय तर नसू द्या.' त्या दिवशी मी सहा महिन्यांत पहिल्यांदा पोट धरून हसले. तेव्हा मी रोज सकाळी उठून बँकेचं ॲप उघडायचे आणि बंद करायचे, ते तुला मी कधी सांगितलं नव्हतं. तुला दिसत होतं बहुतेक.

त्यामुळे या वर्षी कंपनीनं जेव्हा कराराचा मसुदा पाठवला, तेव्हा मी तो भीतीनं वाचला. आताच्या वैमानिकांची, टाळेबंदीनंतर परत मिळालेली सत्तर तासांची हमी कायम. बदल्यात यापुढे जे नवे को-पायलट येतील त्यांना हमी चाळीसच तासांची, आणि तासाचा दरही कमी. तो फरक पुढे कधी भरून निघायचा नाही. ते कॅप्टन झाले तरी त्यांचा कॅप्टन आपल्या कॅप्टनपेक्षा स्वस्त. विमान तेच, प्रवासी तेच, आणि कॉकपिटमध्ये शेजारी शेजारी दोन दरांची माणसं.

मला त्यात सत्तरचा आकडा तेवढा दिसला. तुला चाळीसचा.

आपण दोघंही युनियनच्या पाच जणांच्या समितीत होतो, आणि युनियनच्या घटनेप्रमाणे पगाराच्या करारावर समितीतल्या सगळ्यांच्या सह्या लागतात. चौघं तयार झालो. आपले अध्यक्ष कॅप्टन बर्वे तर मसुदा आला त्याच दिवशी पेन काढून बसले होते. तू एकट्यानं नाही म्हटलंस. बर्वे समजावून थकले की जे अजून आलेच नाहीत ते काही आपले सभासद नाहीत, त्यांच्यासाठी आपण आपल्या माणसांचा घास का घालवायचा. तू त्यांना उत्तर दिलं नाहीस. मला मात्र गाडीत दिलंस. आजही ते माझ्या कानात आहे, कारण चिडलास की तुझी भाषा सरळ मळ्यात जायची.

'सुजाता, मी लहानपणापासून बापासंगं फुलबाजारात बसलोय. तिथं आधी आलेल्याला जागा चांगली मिळते. भाव नाय. मागून आलेल्याचा झेंडू काय शिळा असतो? तू नंबर नंबर करती, नंबर जागेसाठी हाय. तुम्ही त्याचा भाव करायला निघाले.'

मी म्हणाले, तुझ्या घरी मळा आहे, तुला हे परवडतं. माझ्या घरी फक्त पगार आहे. तू टाळेबंदीतही भाजी विकलीस, मी फक्त तोलली.

हे मी बोलायला नको होतं. तुझ्या उपकाराचं मी तुझ्याच तोंडावर हत्यार केलं. तू नुसता रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिलास. त्यानंतर आपण एका गाडीतून गेलो नाही.

मग क्रू रूममध्ये तुझ्याशी कोणी बोलेनासं झालं. हे मोठ्या सफाईनं होतं. कोणी शिवी देत नाही, कोणी पाठ फिरवत नाही. तू येऊन बसलास की शेजारच्याला फोन येतो. तू डबा उघडलास की समोरचा उठून कॉफी आणायला जातो आणि परत दुसऱ्याच टेबलावर बसतो. सुशिक्षित, इस्त्रीचे शर्ट घातलेली, खांद्यावर चार चार पट्ट्या मिरवणारी माणसं. गावात वाळीत टाकायचे तेव्हा निदान तसं स्पष्ट सांगायचे. आणि मी? मला फोन येत नव्हता, तरी मी तो कानाला लावत होते. एकदा घोटीला आपल्या नेहमीच्या चहाच्या टपरीपाशी तुझी गाडी उभी दिसली. तू बाहेर उभा राहून ग्लास हलवत चहा निववत होतास. मी वेग कमी केला, तुला पाहिलं, आणि निघून गेले. तू मला पाहिलंस की नाही, ते आता कोणाला विचारू?

पुढच्या सोमवारी आम्हा चौघांच्या सह्या घ्यायच्या आणि चार सह्यांचा कागद तुझ्यापुढे टाकून तुला एकटं पाडायचं, असा बर्व्यांचा बेत ठरला होता. मी त्याला हो म्हणाले होते. त्या सोमवारच्या आधीचा सोमवार तुझा शेवटचा ठरला. आंघोळ करून चहा प्यायला बसलास आणि गेलास.

गुरुवारची तुझी फ्लाइट मी नाकारू शकले असते. एक फोन करायचा होता, कोणी का म्हणून विचारलंही नसतं. मी तो केला नाही. केला नाही याची दहा कारणं मी स्वतःला सांगितली, की कोणीतरी उडवणारच, की तुला आवडलं असतं, की कामात मन रमेल. त्यातलं एकही खरं नाही. त्या महिन्यात माझे सत्तर तास भरले होते आणि कोचीनचे तास वरचे होते. तू समोर असतास तर तुझ्यापुढे मी हे कबूल केलं नसतं. आता करते.

को-पायलट ऋतुजा होती. मनमाडची मुलगी, पंचवीस-सव्वीस वर्षांची, वडील रेल्वेत इंजिन चालवतात. कंपनीत रुजू झालेली, पण अजून पक्की न झालेली, म्हणून मसुद्याच्या हिशोबानं नवीच. करार झाला असता तर नव्या भावात बसणारी ती आणि तिच्यासारखे वीसेक जण. तिनं सगळी तपासणी चोख केली, एक शब्द जास्त बोलली नाही. परतीच्या वाटेवर सगळं स्थिर झालं, चहा आला, तेव्हा तिनं समोर बघतच विचारलं, 'मॅम, आता पाचवी सही लागणार नाही ना?'

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या आवाजात रडं नव्हतं की टोमणा नव्हता. हवामान विचारावं तसं विचारलं तिनं. तू गेलास हे तिच्याही दृष्टीनं आधी एका सहीचं जाणं होतं, आणि त्याबद्दल मी तिला दोष देऊ शकत नव्हते. मी म्हणाले, मला माहीत नाही. ती म्हणाली, 'सर सगळ्यांना सांगायचे, धीर धरा. आम्ही धरला. आता कोणाला विचारायचं ते सांगा, म्हणजे त्यांना विचारीन.' मी चहाचा कप खाली ठेवला आणि तिला कोणाचंही नाव सांगितलं नाही.

आठव्या दिवशी सिनिऑरिटीची सुधारित यादी मेलवर आली. तुझ्याखालचे सगळे एकेक घर वर. तुझा नंबर आता माझा आहे. ज्या यादीसाठी अण्णांनी आम्हाला गेटपर्यंत नेलं होतं, तीच ही यादी. तिच्यात साहेबाची मर्जी नव्हती, कोणी कोणाचं सिलिंडर पोचवलं नव्हतं. वरचा मेला म्हणून खालचा सरकला, एवढंच. सगळं नियमाप्रमाणे. ग्रुपवर एकानं मला अंगठा पाठवला. मी फोन पालथा ठेवला आणि जाऊन हात धुतले, दोनदा.

यानंतरचं मात्र मला तुला नीट सांगायचं आहे.

युनियननं तुझी शोकसभा नाशिकलाच घ्यायचं ठरवलं, घरच्यांना त्रास नको म्हणून. गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलचा हॉल घेतला. वीसेक जण मुंबईहून आले. तुझा फोटो मोठा करून लावला होता, झेंडूच्या हारासकट. तुझ्या घरच्या मळ्यातली फुलं सोडून बाजारातून विकत आणलेला हार. बर्वे बोलले. तू कसा तत्त्वाचा माणूस होतास, कसा कोणापुढे झुकला नाहीस, हे त्यांनी सगळ्यांना सांगितलं. ज्यांना तू क्रू रूममध्ये आलास की फोन यायचे, त्यातल्या दोघांनी डोळे पुसले. दोन मिनिटं शांतता पाळायची म्हणून सगळे उभे राहिले, आणि मिनिट व्हायच्या आत बर्वे म्हणाले, बसा. मग त्यांनी तुझ्या मंगलच्या हातात युनियनतर्फे स्मृतिचिन्ह दिलं, प्लॅस्टिकचं विमान, चार इंजिनांचं. तू जन्मभर दोन इंजिनांचं उडवलंस. हॉल भरून वैमानिक बसलेले, पण विमान निवडायला कोणालाही दोन मिनिटं मिळाली नव्हती. मंगलनं ते मांडीवर घेतलं आणि पदरानं झाकलं.

जेवणं मांडली होती. एक जण प्लेट घेऊन माझ्याजवळ आला आणि हळूच विचारू लागला, की आलोच आहोत तर जाताना एखादी वायनरी करता येईल का, चांगली कुठली. मला नाशिकची म्हणून विचारत होता. मला वाटलं होतं की किळसेला एक तळ असतो, तिथं पोचलं की संपतं. तसं नसतं.

मग बर्व्यांनी आम्हा तिघांना शेजारच्या छोट्या खोलीत बोलावलं. सगळे एका गावात आलोच आहोत तर दोन्ही कामं होऊन जातील, असं ते म्हणाले. दोन्ही कामं. टेबलावर करार होता. शेवटच्या पानावर पाच नावं टाइप केलेली. तुझ्या नावामागे 'कै.' लावलेलं आणि सहीच्या जागी आडवी रेघ. त्यांनी वकिलाला विचारून घेतलं होतं, की जागा रिकामी असली तर उरलेल्यांच्या सह्या म्हणजे सगळ्यांच्या सह्या. कधी विचारलं होतं, हे मी विचारलं. त्यांनी सहज सांगितलं, मंगळवारी. म्हणजे तुझी राखसुद्धा तेव्हा गोळा झाली नव्हती.

तिघांनी सह्या केल्या. कागद माझ्याकडे सरकवला. मी पेन हातात घेतलं, हे तुला सांगायला हवं. टोपण काढलं. आणि बर्वे, मला सोपं जावं म्हणून, प्रेमानंच म्हणाले, 'सुजाता, भास्कर असता ना, तर शेवटी त्यानंही केली असती.'

मी टोपण लावलं आणि म्हणाले, 'नाही.'

त्यांना वाटलं, मी तुझ्याबद्दल बोलतेय. ते म्हणाले, बरं, नसती केली, तू कर. मी म्हणाले, मी करत नाही. खोलीत कोणी आवाज चढवला नाही. एकानं माझ्या टाळेबंदीतल्या दिवसांची आठवण करून दिली. एकानं म्हटलं, भावनेच्या भरात आहेस, आठ दिवसांनी बघू. बर्वे फक्त एवढंच म्हणाले, की यंदा निवडणूक आहेच. म्हणजे मी समितीतून जाणार, आणि माझ्या जागी जो येईल त्याच्याकडून ते ही सही घेणार. कदाचित ऋतुजाच्या बॅचला तेवढेच महिने मिळतील. कदाचित तेवढेही नाही.

आता खरं सांगते. तुझं मला पटलं म्हणून मी नाही म्हणाले, असं समजू नकोस. अजूनही मला भीती वाटते. सत्तर तास गेले तर मी काय करीन, हे मला माहीत नाही, आणि तुला ते कधीच नीट कळलं नाही, कारण तुझ्या घरामागे मळा होता. हे मी पुन्हा म्हणते, आणि या वेळी तू मला उत्तर द्यायला नाहीस. मी नाही म्हणाले ते त्या रेघेमुळे. तुझ्या सहीच्या जागी त्यांनी पट्टी लावून अगदी सरळ रेघ मारली होती. नुसती किळस आली. तत्त्व वगैरे काही नव्हतं त्यात.

बाहेर आले तर लॉबीत मंगल तुझ्या भावाच्या गाडीची वाट बघत बसली होती, मांडीवर ते चार इंजिनांचं विमान. आत काय झालं, तिनं विचारलं. मी सांगितलं. तिनं मांडीवरचं विमान बाजूला ठेवलं. मग म्हणाली, 'ताई, खरं सांगू का? ते म्हणायचे, सुजाता सही करणार. लय खात्रीनं म्हणायचे. मी म्हणले, तुमची एवढी दोस्त हाय ना ती. तर म्हणले, हाय, म्हणून तर सांगतो. तिला पगार बंद झालेला सोसत नाय, तिच्यावर राग नको धरू.'

तिला वाटलं, हे ऐकून मला बरं वाटेल. तू रागावला नव्हतास, हे मला सांगायचं होतं तिला. गाडी आली, तिनं माझा हात दाबला आणि ती गेली. मी तिथंच लॉबीत बसून राहिले. आतून प्लेटांचा आवाज येत होता.

तू मला बरोबर ओळखलं होतंस. मंगलला मी काही बोलले नाही, पण तुला लिहिते. तू जिवंत असतास, भास्कर, तर मी सही केली असती.